रूटचा पासवर्ड हरवण्याची शास्त्रोक्त पद्धत

रूटचा, म्हणजे लिनक्सवरच्या सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड एकानेच लक्षात ठेवावा, आणि तो एकजण तुम्हीच असावं. पासवर्ड मॅनेजर वगैरे भित्र्यांसाठी. नेहमीचं काम सुडोवर (स्वतःच्या खात्यातून रूटचे अधिकार वापरू देणाऱ्या कमांडवर) भागवा, म्हणजे खरा पासवर्ड आपोआप विस्मरणात जाईल.

विसरलात? उत्तम. आता कामाच्या ऐन गर्दीत, कुणाला न कळवता मशीन रीबूट करा. ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेनू आला की 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'इनिट=/बिन/बॅश' जोडा आणि कंट्रोल-एक्स दाबा. काहीही न विचारता रूट शेल (रूट म्हणून कमांड देण्याची खिडकी) हजर! लगेच 'पासडब्ल्यूडी' ही पासवर्ड बदलण्याची कमांड द्या. 'ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर' दिसली की पासवर्ड फारच सोपा असेल असं समजून आणखी अवघड पासवर्ड घालत बसा. रूट फाइल सिस्टिम बहुधा रीड-ओन्ली (फक्त वाचण्यापुरती) माउंट झालेली असते आणि आधी 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' द्यावं लागतं, हे शेवटी कळेलच.

पासवर्ड बदलला की 'एक्झिट' द्या. इथे बॅश हा शेलच पहिला प्रोसेस आहे; तो गेला की कर्नल पॅनिक, म्हणजे अख्खी सिस्टिम ठप्प. 'सिंक' करून (बदल डिस्कवर उतरवून) 'रीबूट -एफ' देणारे लोक या सोहळ्याला मुकतात.

एसईलिनक्स (फायलींच्या लेबलांवर चालणारी सुरक्षा यंत्रणा) असेल तर पुढच्या बूटला सगळी लेबलं नव्याने लावायला सांगणारं 'टच /.ऑटोरीलेबल' अजिबात करू नका. पॉलिसी लोड न होताच लिहिलेल्या शॅडो फाइलला (पासवर्ड हॅशच्या, म्हणजे सांकेतिक, रूपात इथे असतात) योग्य लेबल मिळत नाही. मग पासवर्ड बरोबर, लॉगिन मात्र बंद. ग्रबला पासवर्डही लावू नका. मशीनपुढे येऊन बसणाऱ्या कुणालाही ही सोय मिळायला हवी. डिस्कवर लक्सचं (लिनक्सच्या डिस्क-कुलपाचं) एन्क्रिप्शन असलंच, तर त्याची पासफ्रेजसुद्धा विसरा, म्हणजे वरचा सगळा खटाटोप वाचेल.

आता खाती. स्वतःला डॉकर (कंटेनर चालवणारं सॉफ्टवेअर) ग्रुपमध्ये घ्यायला 'यूजरमॉड -जी' (कॅपिटल जी) पुरे, सोबतचा '-ए' गाळा. बाकीच्या सगळ्या पूरक ग्रुपांतून तुमची हकालपट्टी होते, त्यात सुडोचा ग्रुपही आला. चालू सेशनमध्ये जुनेच ग्रुप दिसत राहतात, त्यामुळे निश्चिंतपणे लॉगआउट करता येतं. सुडो कुणाला वापरता येईल हे ठरवणारी सुडोअर्स फाइल 'व्हीआयसुडो'शिवाय (चुका तपासून सेव्ह करणाऱ्या कमांडशिवाय) उघडा आणि परवानगीचा त्रास झाला तर ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, देऊन टाका. कुणालाही लिहिता येणारी फाइल सुडो वाचतच नाही. सगळ्यांना सरसकट नकार मिळतो. अशा वेळी रूटचा पासवर्ड कामाला येतो म्हणतात.

नोकरी सोडून गेलेल्याचं खातं 'पासडब्ल्यूडी -एल'ने लॉक करा आणि निवांत व्हा. शॅडोमधल्या हॅशपुढे फक्त एक उद्गारचिन्ह लागतं. त्याची एसएसएच की (पासवर्डाविना दुरून लॉगिन करण्याची डिजिटल किल्ली) बहुतेक ठिकाणी पूर्वीसारखीच चालते. 'चेज -ई ०'ने (कॅपिटल ई) खात्याची मुदत संपवणं म्हणजे उगाच कटुता. खातं उडवायचंच असेल तर नुसतं 'यूजरडेल' करा, 'फाइंड / -नोयूजर'ने बेवारस फायली शोधू नका. त्याचा यूआयडी (खात्याचा क्रमांक) यादीतला शेवटचा असेल, तर पुढच्या नव्या माणसाला सहसा तोच मिळतो, आणि फायलींची मालकीही.