दप्तरखान्याला कुलूप आणि भुयाराच्या गोष्टी

कोकण किनाऱ्यावरच्या एका ब्रिटिशकालीन कचेरीत मार्गदर्शकासह मोफत फेरी ठेवली होती. ती ज्या बेफिकिरीने उरकण्यात आली, तिचा संताप माझ्या मनातून अजून उतरलेला नाही. नाव, मोबाइल क्रमांक, आधार कार्ड असे सगळे आधी मागून घेतले, वेळेवर हजर राहण्याची ताकीद दिली आणि मग कोणी साहेब येणार म्हणून लहान मुलांना व वयस्कर माणसांना व्हरांड्यात ताटकळत उभे ठेवले. साहेब आले, फोटो झाले आणि उरलेल्या वेळात आम्हाला मेंढरांसारखे एका दारातून आत घेऊन दुसऱ्या दारातून बाहेर काढले.

तेही सोसले असते, पण आम्हाला सांगितले काय? इथून किल्ल्यापर्यंत भुयार जाते, त्या कोपऱ्यातल्या खोलीत रात्री पावले वाजतात आणि या जिन्यावर एका सिनेमाचे चित्रीकरण झाले आहे. अशा गोष्टी कोकणातल्या कोणत्याही जुन्या वास्तूबद्दल ऐकायला मिळतात. त्यासाठी कचेरीत यावे लागत नाही.

मी कुळाच्या, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याच्या, घरातला आहे. 1880 च्या खोती कायद्याने खोत, म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणारे वतनदार, आणि कुळे यांचे संबंध कागदावर बांधले गेले, आणि कुळाच्या घामाचा हिशेब अशाच कचेऱ्यांच्या दप्तरात चढत गेला. त्याच खोतीविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 अशी वर्षानुवर्षे जमिनी ओस ठेवून संप केला, 1937 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि शेवटी 1949 मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला. हा सगळा इतिहास जिथे सांगायचा, तिथे संपूर्ण फेरीत ‘खोत’ हा शब्द एकदाही कानावर पडला नाही.

दप्तरखान्याच्या दाराला कुलूप होते आणि कुलपावर लाखेचे सील. आत काय आहे, असे विचारले तर कार्यालयातल्या एका माणसाने उत्तर दिले, “काका, फुकट दाखवतोय ना, मग एवढ्या चौकशा कशाला?” फुकट म्हणजे काय? इमारत सरकारची, म्हणजे आमची. तिची डागडुजी आमच्या कराच्या पैशातून होते. मार्गदर्शक म्हणून उभ्या केलेल्या कोवळ्या मुलाला मी दोष देणार नाही, कारण त्याच्या हातात कोणी धड टाचणही दिलेले नव्हते आणि प्रश्न आला की तो बिचारा साहेबांच्या तोंडाकडे पाहत होता.

डागडुजी म्हणजे तरी काय, तेही सांगतो. एका खिडकीखाली जांभ्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केलेला होता. तो फुगून आला होता आणि बोट लावताच त्याचा पापुद्रा सुटून आतली काळपट ओल दिसली. जांभा सच्छिद्र असतो. चुन्याचा गिलावा भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती आतच कोंडून ठेवते, आणि जिथे पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो तिथे अशी भिंत आतून कुजत जाते. हे इथल्या कोणत्याही जुन्या गवंड्याला विचारले असते तर कळले असते. सागवानी खांबांवरही ऑइलपेंटचे इतके थर चढवले आहेत की त्यांवरचे कोरीवकाम आता ओळखूसुद्धा येत नाही.

पुढची फेरी ठेवण्याआधी संबंधितांनी दप्तरखान्याचे दार उघडावे, खोतीची एखादी जुनी नोंदवही काचेच्या पेटीत ठेवावी आणि तिच्यातली मोडी वाचून दाखवणारा जाणकार माणूस तिथे बसवावा. एवढे जमणार नसेल तर तसे जाहिरातीत स्पष्ट छापावे, म्हणजे मजुरी बुडवून, एसटी बदलत गावोगावाहून येणारी माणसे आपला दिवस मोडून येणार नाहीत.