‘घोडे नुसते उभे होते’: दोन तारे देणाऱ्या ताईंना फार्मकडून उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या रेसच्या घोड्यांच्या फार्मबद्दल सविस्तर लिहिलंत, आभार. उत्तर इथेच देतोय, कारण हे प्रश्न बऱ्याच जणांना पडतात. तुमच्या तक्रारी अशा: घोडे नुसते बॉक्समध्ये, म्हणजे तबेल्यातल्या आपापल्या खोलीत, उभे होते, एक वेड लागल्यासारखा डोलत होता, एक तुमच्या मुलाच्या अंगावर दात काढून आला, मुलाला रपेट मारू दिली नाही, आणि आमची माणसं पाहुण्यांपेक्षा घोड्यांशीच जास्त बोलत होती. शेवटची तक्रार मी घोड्यांची देखभाल करणाऱ्या सईस मंडळींना वाचून दाखवली. सगळे खूश झाले.

आधी वेळेचं. बुकिंगच्या मेसेजमध्ये पहाटे साडेपाच लिहिलेलं असतं. तुम्ही साडेनऊला पोचलात. घाटातलं ट्रॅफिक कुणाच्या हातात नाही, कबूल, पण घोड्यांचा दिवस तोवर अर्धाअधिक झालेला असतो. अंधारात सईस पहिल्यांदा काय करतो, तर गव्हाणीत हात घालतो. रात्रीचे ओट्स चाटूनपुसून संपलेत की उरलेत, यावरून घोड्याची तब्येत कळते. मग गुडघ्याखालच्या शिरेवरून तळवा हळूच खाली आणतो, आधी डावा पाय, मग उजवा. एक पाय दुसऱ्यापेक्षा जरा जरी गरम लागला, तरी त्या दिवशी त्या घोड्यावर खोगीर चढत नाही. ट्रेनरच्या फोनवर फोन आले तरी नाही. बाकीचे वाळूच्या ट्रॅकवर जातात: आधी चाल, मग दुडकी, मग कँटर, म्हणजे मध्यम वेगाची धाव. उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके देतं, भरधाव सुटला की दोनशेच्या वर. परत आल्यावर श्वास बसेपर्यंत फिरवणं, आंघोळ, खरारा, नाश्ता. नवाच्या सुमाराला सगळं आटोपतं.

तुम्ही पाहिलंत ते त्यानंतरचं. एक मागचा पाय सैल सोडलेला, खालचा ओठ लोंबतोय, डोळे अर्धे मिटलेले. ते घोडे उदास नव्हते, पेंगत होते. घोड्याच्या पायांची रचनाच अशी आहे की सांधे अडकवून तो उभ्याउभ्या डुलकी काढू शकतो. दिवसरात्र मिळून त्याची झोप तीन-चार तासांची, तीही तुकड्यातुकड्यांत. गाढ झोपेला मात्र त्याला आडवं व्हावं लागतं, आणि आजूबाजूला भरवसा वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही. आमच्याकडे दुपारी बारा ते तीन गेट बंद असतं ते याचसाठी. त्यावरही एकदा कुणीतरी एक तारा दिला होता!

डोलणाऱ्या घोड्याबद्दल तुमची नजर चुकलेली नाही. त्याला वेड लागलेलं नाही, पण ती खोड आहे आणि ती तबेल्याच्या आयुष्यातूनच येते. कळपात राहून दिवसभर चरणारं हे जनावर. त्याचं जठर शरीराच्या मानाने लहान, त्यात आम्ल सतत तयार होतं, म्हणून त्याला थोडंथोडं पण सारखं खायला लागतं. आपण त्याला चार भिंतींत ठेवतो, ताकदीसाठी दाणा देतो आणि वैरण कमी करतो. मग कुणी दारात डोलतो, कुणी लाकडाची कड दातांत धरून हवा गिळतो. बऱ्याच घोड्यांना पोटात अल्सरही होतात. हा घोडा आमच्याकडे आला तेव्हाच डोलत होता. त्याच्या बॉक्सला शेजारच्या बाजूने जाळीची खिडकी केली, भिंतीला आरसा लावला, लसूणघास आणि सुकं गवत वाढवलं, संध्याकाळी त्याला पॅडॉकमध्ये, म्हणजे कुंपणातल्या मोकळ्या मैदानात, सोडतो. डोलणं बरंच कमी झालं, थांबलेलं नाही. दाण्याची बादली वाजली की पुन्हा सुरू. दारावर दांडे ठोकून ते बंद पाडता येतं असं काही जण सांगतात. तसं केलं की घोडा मागे सरकून आतल्या आत डोलतो, एवढंच. आम्ही ते करणार नाही.

चावायला आला तो मास्तर. कागदोपत्री नाव वेगळं, मोठं झोकदार आहे, पण तबेल्यात त्या नावाने कुणाला हाक मारत नाहीत. त्याचे कान मागे चिकटले की माणसाने बाजूला व्हायचं, ही इथली पहिली शिकवण. तुमच्या मुलाने हात थेट त्याच्या तोंडासमोर नेला. घोड्याला नाकाच्या अगदी पुढचं दिसत नाही, त्यामुळे अचानक आलेला हात त्याला आवडत नाही. शेजारची चिंगी याच्या अगदी उलट. अनोळखी माणसाचाही खिसा हुंगते, गवताचा घास पाण्यात बुडवूनच खाते, आणि नालबंद आला की सगळ्यांत आधी घाम तिलाच फुटतो. म्हणूनच सईस त्यांच्याशी बोलत राहतात ताई. मागून येणारा माणूस घोड्याला आवाजावरून ओळखू येतो. गप्प राहून पाठीमागून जाणं म्हणजे लाथ मागून घेणं.

रपेटीचं नियमांत स्पष्ट लिहिलंय. हे थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचे घोडे आहेत, साडेचारशे-पाचशे किलोंचे. काही नुकतं खोगीर शिकणारे दोन वर्षांचे, काही रेसकोर्सवरून विश्रांतीला आलेले. टाच जरा लागली की पळायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं असतं. माथेरानचा घोडा रोज नवं माणूस पाठीवर घेतो, शांतपणे चालतो, आणि त्याचं ते काम तो उत्तम करतो. मुलाला बसायचंच असेल तर तिथे न्या. आमच्याकडे कुणी कितीही पैसे देऊ केले तरी नाही.

रेसच्या घोड्याचं आयुष्य रानातल्या घोड्यासारखं नसतं, आणि तसं असल्याचा देखावा आम्ही पाहुण्यांसाठी करत नाही. प्रवेशशुल्कातून आरसे आणि सुकं गवत येतं, ते परत करता येणार नाही. पण तुमचं बुकिंग पुढच्या कुठल्याही शनिवारी चालेल. आदल्या रात्री तळेगावात मुक्काम केलात तर घाटाचा प्रश्न उरत नाही. मुलाला पूर्ण पायाचे बूट घाला. गाजरं आणायची तर उभी, लांब चिरून. गोल चकत्या घशात अडकतात. तळहात सपाट ठेवायचा आणि सुरुवात चिंगीपासून.