वर्षाचा चार्ट करा आणि दहापैकी दहा मिळवा

घरात सहावीतलं पोर असेल तर 'इम्पॉर्टंट इव्हेंट्स ऑफ २०२४' हा प्रोजेक्ट तुमच्याही बोकांडी बसला असेलच. आमचा परवा परत आला. दहापैकी पाच, आणि लाल पेनाने शेरा, 'अव्हॉइड निगेटिव्ह पिक्चर्स'. तुमची अशी फजिती नको म्हणून चार टिप्स देतो, फुकट आहेत, घ्या.

कार्डशीट पिवळी घ्या. पांढऱ्यावर डिंकाचे डाग दिसतात.

सुरुवात २२ जानेवारीच्या अयोध्येपासून करा, शेवट १२ डिसेंबरच्या गुकेशवर, अठराव्या वर्षी बुद्धिबळाचा जगज्जेता, पोरांना टोमणे मारायला पण उपयोगी. मधे नेमबाज स्वप्नील कुसळे हवाच, कांबळवाडीचा पोरगा, तेव्हा रेल्वेत टीसी, खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ७२ हा आकडा मात्र लिहू नका, पोरं विचारतात मधली वर्षं काय करत होतात.

४ जूनला लोकसभेचा निकाल लावा. त्याच दिवशी मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेचाही निकाल लागला, ठरल्याच्या दहा दिवस आधीच, आणि ६७ जणांना ७२० पैकी ७२०. ते लावू नका, जागा पुरत नाही.

३ ऑक्टोबर, मराठीला अभिजात दर्जा. ठळक अक्षरात. इंग्रजीत.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरच्या शिवरायांच्या पुतळ्याचं टेन्शन घेऊ नका. अनावरण ४ डिसेंबर २०२३ चं, म्हणजे ते आधीच्या वर्षात गेलं. पडला २६ ऑगस्ट २०२४ ला, पण तो ताशी ४५ किलोमीटरच्या वाऱ्याने पडला असं खुद्द तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितलं, आणि वारा हा भूगोलाचा विषय. घाटकोपरचं होर्डिंगही तसंच, ४० बाय ४० फुटांची मर्यादा असताना १२० बाय १२० चं, लिम्का बुकात नाव, म्हणजे पॉझिटिव्हच की! १३ मे ला ते पेट्रोल पंपावर कोसळून १७ माणसं गेली, तेवढं सोडलं तर.

कोपऱ्यात थोडी जागा शेवटपर्यंत मोकळी ठेवा. २६ डिसेंबरच्या रात्री मनमोहन सिंग गेले तेव्हा आमचा चार्ट वाळत होता.

आता चपला. २९ जूनला बार्बाडोसमधे टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल सात रनने जिंकलो, सूर्याचा तो कॅच, मी सोफ्यावरून पडलो होतो. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर मिरवणूक, मुंगी शिरायला जागा नाही, आणि नंतर रस्त्यावर चपलांचा खच. लेकीने तो फोटो कापून चिकटवला, शेजारी अजून एक चपलांचाच, चिखलातला. म्हटलं हा दुसऱ्या अँगलने का गं? म्हणाली, नाही बाबा, हा हाथरसचा, दोन दिवस आधीचा, सत्संगाला ८० हजारांची परवानगी होती, अडीच लाख आले, चेंगरून १२१ मेले, बायकाच जास्त. दोन फोटोंच्या मधे तिने स्केचपेनने बाण काढला होता. बाईंनी मरीन ड्राइव्हला स्टार दिला आणि हाथरसवर फुली मारली, बाणासकट, इतकी दाबून की कागद फाटलाय. पालकांच्या ग्रुपवर टाकलं तर एक गृहस्थ म्हणतात, सर, मुलांच्या मनावर परिणाम होतो.

अहो कसला परिणाम? तुमची पोरं हे सगळं रीलमधे तेव्हाच बघून मोकळी झालीयत! परिणाम तुमच्या-माझ्यावर होत नाहीये, तो प्रॉब्लेम आहे. मॅच जिंकली की 'आपण' जिंकलो, आणि होर्डिंग पडलं, पुतळा पडला, माणसं चेंगरली की ते वाऱ्याने, ते नशिबाने, लोकांनीच कशाला जायचं तिथे. १२१ बाया-पोरं म्हणजे 'निगेटिव्ह पिक्चर' होय? लाज वाटायला पाहिजे त्या बाईंना. आणि मला पण, कारण रीसबमिट केलं तर मार्क वाढवून देतात म्हटल्यावर डिंकाची बाटली घेऊन हाथरसवर रतन टाटा चिकटवायला मीच बसलो, पोरगी समोर उभी राहून बघत होती.

फोटो लहान पडला. खालच्या कडेला दोन चपला अजून दिसतायत.