‘मुलं सगळं विसरतात’ म्हणणाऱ्यांना उत्तर

सध्या एक मजकूर फार फिरतो आहे. त्याचा आशय असा: हिंसा, अत्याचार, अपघात, आपत्ती यांतून गेलेली मुलं वयामुळे सगळं विसरून जातात. विषय काढला की जखम उकरली जाते, म्हणून गप्प बसावं. ‘मनावर आघात झालाय’ म्हणत बसलं की मुलं शेफारतात, त्यांना शिस्त हवी. सांभाळणाऱ्यांना प्रशिक्षण कशाला, माया असली की झालं. फारच वाटलं तर डॉक्टर आहेत. बालगृहांत काम करणारे, नातेवाइकांचं मूल पदरात घेतलेले, शिक्षक, असे सगळे हा मजकूर चांगल्या हेतूने पुढे पाठवतात. म्हणूनच त्याला उत्तर द्यायला हवं.

‘मुलं विसरतात.’

जुलै १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चौचिला गावात शाळेच्या बसमधल्या २६ मुलांचं अपहरण झालं. ५ ते १४ वर्षांची ही मुलं. त्यांना तासन् तास बंद गाड्यांतून फिरवलं आणि मग जमिनीत पुरलेल्या ट्रेलरमध्ये कोंडलं. सुमारे १६ तासांनी सगळे स्वतःच वाट करून बाहेर आले, जिवंत. तेव्हा पालकांना सांगण्यात आलं की २६ पैकी एखाद्याच मुलाला मानसिक त्रास होईल. बालमनोविकारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी या मुलांचा पाठपुरावा केला. चार वर्षांनंतरही त्यांनी तपासलेल्या प्रत्येक मुलात आघाताच्या खुणा आढळल्या. कुणी तोच प्रसंग खेळात पुन्हा पुन्हा आणत होतं, कुणाला आपण फार जगणार नाही असं वाटत होतं.

अगदी लहान मुलांकडे शब्द नसतात, पण दचकणं, झोप उडणं, शिकलेलं बोलणं किंवा शौचाची सवय मागे जाणं हे सगळं दिसतं. अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ च्या निदानपुस्तिकेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आघातोत्तर विकाराचे वेगळे निकष दिले, ते याचसाठी.

हेही खरं की सुरक्षित घर आणि एक भरवशाचं मोठं माणूस मिळालं तर बरीच मुलं काही महिन्यांत सावरतात. पण त्यांना सावरायला ते माणूस लागतं. नुसता काळ गेला म्हणून हे होत नाही.

‘विषय काढू नका.’

यात अर्धं खरं आहे. प्रसंगानंतर लगेच मुलाला बसवून ‘काय काय झालं ते सांग’ म्हणणं चूकच. सगळ्यांकडून घटनेची उजळणी करून घेण्याची जुनी पद्धत उपयोगी ठरली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये काढलेली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका तर पाहा, ऐका आणि मदतीशी जोडून द्या, एवढंच सांगते. तपशील खोदून विचारायला ती सांगत नाही.

पण खोदून न विचारणं वेगळं आणि मुलाने विचारल्यावर तोंड फिरवणं वेगळं. मूल रात्री विचारतं, ‘बाबा कधी येणार?’ आपण म्हणतो, ‘झोप आता, उद्या बोलू.’ उत्तर मिळालं नाही की मूल स्वतः उत्तर तयार करतं, आणि बहुतेकदा त्यात दोष स्वतःवर घेतं: मी हट्ट केला म्हणून बाबा गेले. अशा मुलांना सांभाळणाऱ्यांच्या प्रशिक्षणात अशा वेळी बोलायची वाक्यं अक्षरशः घोकून घेतात. ‘बाबा वारले. ते परत येणार नाहीत. तुझ्यामुळे काही झालं नाही. मी इथेच बसतो.’ लहान, खरी वाक्यं. ती आयत्या वेळी सुचत नाहीत, कारण सांगणाऱ्याचाही गळा दाटलेला असतो.

‘शिस्त लावा, सगळं ताळ्यावर येईल.’

या मुद्द्याने मुलांचं सर्वांत जास्त नुकसान होतं.

नवीन घरात आलेलं आठ-नऊ वर्षांचं मूल. गादी उचलली तर खाली खाऊ लपवलेला, काही बुरशी आलेला. घरात खायला भरपूर आहे, मग ही चोरी का? म्हणून रागावणं, झडती, स्वयंपाकघराला कुलूप. कुलूप लागलं की लपवणं आणखी वाढतं. उपाशी राहिलेल्या मुलाला पुढचं जेवण मिळेलच याची खात्री नसते. प्रशिक्षित माणूस त्याच्या उशाशी झाकणाचा डबा ठेवतो, त्यात टिकणारं खाणं भरतो, आणि डबा कधीच रिकामा राहू देत नाही. किती संपलं याचा हिशेब मागत नाही. लपवणं हळूहळू कमी होतं. कुणाचं काही आठवड्यांत, कुणाचं खूप उशिरा.

दुसरा प्रसंग किशोरवयातला. चौदा वर्षांची मुलगी ओरडते, दाराकडे धावते, आणि मोठं माणूस दारात आडवं उभं राहतं. ज्या मुलीला कधीतरी कोंडून मारलेलं आहे तिच्यासाठी अडवलेलं दार म्हणजे पुन्हा तोच प्रसंग. मग ढकलणं, चावणं होणारच. शिकायचं असतं ते हे: दारातून बाजूला व्हा, हात दिसतील असे ठेवा, आवाज खाली आणा, शब्द कमी करा, ती गेलीच तर अंतर ठेवून मागे जा. नियमाबद्दल बोलायचं ते नंतर, ती शांत झाल्यावर, आणि तेव्हा नक्की बोलायचं. नियम सोडून द्या असं कुणीच म्हणत नाही. आघात सोसलेल्या मुलांना ठरलेल्या वेळा आणि पाळलेले शब्द इतरांपेक्षा जास्तच लागतात. फक्त मार, धमकी आणि अबोला या शिक्षा त्यांच्यावर उलट्या पडतात.

‘माया पुरेशी आहे.’

माया लागतेच. रोमेनियातल्या बुखारेस्टमध्ये अनाथालयासारख्या संस्थांत वाढणाऱ्या १३६ बालकांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून पालक-कुटुंबांत, म्हणजे दुसऱ्याचं मूल सांभाळायला घेणाऱ्या घरांत ठेवलं, आणि ती मुलं बुद्धी व जिव्हाळा दोन्हींत पुढे गेली. दोन वर्षांच्या आत गेलेली अधिकच. पण त्या कुटुंबांना समाजसेवकांची सततची साथ होती, हे मायेचा दाखला देणारे सांगत नाहीत.

शिकवल्याने फरक पडतो का, याचं थेट उत्तर मानसशास्त्रज्ञ एस्थर डेब्लिंजर आणि सहकाऱ्यांच्या १९९६ च्या अभ्यासात आहे. लैंगिक अत्याचार सोसलेल्या १०० मुलांच्या कुटुंबांचे गट केले. मुलांच्या आईंना उपचारात घेतलं तेव्हा मुलांचं नैराश्य आणि बेफाम वागणं कमी झालं. मुलांना थेट उपचार मिळाले तेव्हा आघाताची लक्षणं कमी झाली. म्हणजे दोन्ही हवं. या आईंना माया नव्हती म्हणून का? नुसत्या मायेला जे कळत नव्हतं ते त्यांना शिकवलं गेलं.

‘डॉक्टर आहेत की.’

आठवड्याला १६८ तास असतात, त्यातला एखादा समुपदेशकाचा. उरलेले घरातल्या माणसांचे. स्वतःला इजा करणं, जगायला नको असं बोलणं, आठवडेच्या आठवडे झोप-जेवण बिघडणं दिसलं तर तज्ज्ञाकडे लगेच जावं, आणि ते ओळखायचं कसं हेही प्रशिक्षणातच येतं.

प्रशिक्षणाच्या नावाखाली दोन तासांची भाषणंही खपवली जातात, त्यांना मात्र विरोध करा. कुणी शिबिर घ्यायला आलं तर विचारा: प्रसंग करून दाखवून सराव घेणार का? नंतर घरी येऊन पाहणार का? पहिला महिना सरल्यावर रात्री दोनला मूल ओरडत उठलं तर सांभाळणाऱ्याने फोन कुणाला करायचा? आणि सांभाळणारा स्वतः थकून चिडायला लागला, तर त्याला दोन दिवस सुटका कोण देणार?