वसुधा, मालदांडी आणि जमिनीची खोली

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग आलाय तुम्हाला आणि तो बरोबरच आहे. माझी रब्बी ज्वारीच्या वाणांची तुलना वाचून तुम्ही ३ एकरात फुले वसुधा हा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा वाण पेरला, दाणा भरायच्या वेळेला ताटं लोळली, कणसं अर्धीच भरली, आणि शेजाऱ्याची मालदांडी, म्हणजे आपला जुना वाण, मात्र उभी राहिली. वर तुमचं म्हणणं की विद्यापीठाचं बियाणं म्हणजे दरवर्षी विकत घ्यायचं झेंगट, आणि मी कडब्याबद्दल एक ओळ लिहिली नाही.

कडब्याचं आधी सांगतो, कारण तिथे मी चुकलोच. नुसत्या दाण्याचे क्विंटल मांडले. आपल्याकडे उन्हाळ्यात दावणीला काय टाकायचं हा प्रश्न दाण्याएवढाच मोठा असतो, दाणा जरा कमी आला तरी कडबा चांगला निघाला की माणूस तरतो, हे माहिती असून तो रकाना सोडला. मालदांडीचा कडबा जनावरं आवडीनं खातात आणि भाकरी तर काय सांगायची, मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन उगाच नाही मिळालं.

पण वसुधा वाईट आहे हे नाही पटत. तुम्हीच लिहिलंय की रान मुरमाड आहे, फूटभर खणलं की मुरूम लागतो. वसुधा भारी जमिनीसाठी आहे हो. रब्बी ज्वारी वरच्या पावसावर नाही, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जमिनीत मुरलेल्या ओलीवर येते, आणि फूटभर मातीत ओल मावणार किती? वसुधाला ११६ ते १२० दिवस लागतात, तुमच्या रानातली ओल त्याच्या आधीच संपली, पीक नेमकं दाणा भरताना उपाशी पडलं आणि अशा वेळीच खडखड्या रोग धरतो, त्याची बुरशी मातीतच असते, ताट आतून पोकळ होतं आणि लोळतं. शेजाऱ्याचं रान ओढ्याकडेचं आहे असंही तुम्हीच लिहिलंय, तिथे माती नक्की खोल असणार, म्हणजे ही तुलना दोन वाणांची झालीच नाही, दोन रानांची झाली.

माझ्या तक्त्यात जमिनीची खोली शेवटच्या रकान्यात होती, ती पहिल्या रकान्यात पाहिजे होती. हलक्या रानाला, म्हणजे ३० सेंटीमीटरपर्यंत, फुले अनुराधा किंवा फुले माऊली. अनुराधा १०५ ते ११० दिवसात हाताशी येते, तेच तिचं बळ. दोन फुटापर्यंतच्या मध्यम रानाला फुले सुचित्रा, परभणी मोती, आणि हो, मालदांडीसुद्धा. त्याहून खोल असेल तर वसुधा किंवा यशोदा, आणि भारी रानाला पाणी द्यायची सोय असेल तर रेवती.

बियाण्याचं म्हणाल तर हे सगळे सरळ वाण आहेत, संकरित नाहीत. चांगली कणसं निवडून घरचं बी ठेवा, तीन-चार वर्षांनी बदललं की झालं. आणि ज्या मालदांडीला आपण आजोबांची म्हणतो ती मालदांडी ३५-१ सुद्धा सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रावरच स्थानिक मालदांडीतून १९३० च्या दशकात निवडून काढलेली आहे. मला तर याचा अभिमान वाटतो, शेतकऱ्याचंच बी घेऊन त्यातलं उत्तम वेचलं आणि इतकी वर्षं टिकलं.

अजून एक, तुम्ही पेरणी ऑक्टोबरच्या शेवटी केली. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर ही वेळ चुकली की खोडमाशी वाढते, पोंगेमर होते, म्हणजे रोपाचा मधला कोंब वाळतो, ताटांची संख्या तिथेच घटते. शेत वेळेत वाफशावर, म्हणजे पेरण्याजोग्या ओलीवर, आलं नाही हे समजतं, पण मग त्या वर्षी हरभऱ्याचा विचार केलेला बरा.

यंदा एवढं करा, रानात तीन ठिकाणी पहारीनं खड्डे घेऊन मुरूम किती खाली लागतो ते मोजा आणि मला कळवा. फूटभरच निघाला तर एकरी ४ किलो अनुराधा, पेरायच्या आधी काणी रोग होऊ नये म्हणून किलोला ४ ग्रॅम गंधक चोळून. शेजारी मालदांडीच्या चार ओळी पण टाका. काढणीला दोन्हीचा दाणाही मोजा आणि वाळलेला कडबाही, मी माझ्या रानातला मोजतोय, तुमचे आकडे आले की तक्ता नव्यानं मांडतो.