पायऱ्या थोड्याच आहेत

देवरुखात घर असलं की जुलैमध्ये दोन गोष्टी न चुकता येतात, छपराला गळती आणि डोंबिवलीची मावशी. गळतीवर निदान प्लॅस्टिक टाकता येतं.

यंदा मावशी, काका, बंट्या आणि बंट्याची बायको असे चौघं संगमेश्वरला गाडीतून उतरले आणि बॅगा खाली ठेवायच्या आधीच काका म्हणाले, "अरे तो मार्लेश्वरचा धबधबा बघायचाय हां, रीलमध्ये काय दिसतो!" माझी ही नववी खेप. आता तो धबधबाच मला बघून "परत तूच का रे" म्हणेल अशी परिस्थिती आहे.

देवरुखपासून १८ किलोमीटर. रस्ता सुंदर, दोन्ही बाजूंना लावणी चाललेली, हे मी सांगतोय कारण बाकी कोणी बघितलंच नाही, बंट्याच्या बायकोला गाडी लागली होती आणि सगळे आवळासुपारी शोधत होते.

पायऱ्या किती ते खाली असताना सांगायचं नाही, हे मी आठ खेपांत शिकलोय. पाचशेच्या वर आहेत असं बोललात की माणूस खालीच भजी खात बसतो आणि वरून भिजून आलेल्यांना विचारतो, "एवढं काय होतं रे वर?" म्हणून मी आपलं "थोड्याच आहेत" म्हटलं. पण काका निघाले मोजत. १४० ला कठड्याला टेकले आणि म्हणाले, "जरा निसर्ग बघू." २१० ला परत निसर्ग. पुढे दर वीस पायऱ्यांना निसर्ग. मावशी मात्र गुडघ्याला पट्टा बांधून तुरुतुरु पुढे, हातात नारळाची पिशवी, ती पिशवी एका माकडाने सरळ खेचून नेली तर म्हणाली, "असू दे, पोचला देवाला."

वर मार्लेश्वराचं, म्हणजे शंकराचं देऊळ गुहेतच, गुहेचं दार ठेंगणं, आत लाईट नाही, नुसत्या समया. कपारीत साप असतात, कुणाला काही करत नाहीत म्हणतात. बंट्याच्या बायकोने विचारलं, "आत्ता आहेत का?" आता याला काय उत्तर देणार? आहेत म्हटलं तर ती आत येणार नाही, नाहीत म्हटलं तर मावशी नाराज. मग विषय बदलायला मी देवाच्या लग्नाचं सांगितलं, की मकरसंक्रांतीला साखरप्याच्या गिरिजादेवीशी मार्लेश्वराचं लग्न लागतं, दरवर्षी. काका धापा टाकत म्हणाले, "दरवर्षी? मला एकदाचंच पुरलं." गुहेत आवाज घुमतो हे काकांच्या लक्षात नव्हतं.

आणि मग समोर धारेश्वर, म्हणजे काकांचा तो रीलमधला धबधबा. सह्याद्रीच्या कड्यावरून सरळ खाली कोसळतो, तिथूनच बाव नदी पुढे निघते, आवाज एवढा की मावशी काकांना काय काय बोलत होती ते फक्त तोंड हलताना दिसत होतं. काकांनी तेवढ्यात शर्टाची बटणं काढायला घेतली. डुबकी मारायची म्हणे! इथे मात्र मी चेष्टा करत नाही. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर घाटमाथ्यावर पाऊस पडत असतो, ते पाणी बघता बघता खाली येतं, आणि पाणी गढूळ झालं, पालापाचोळा-काटक्या यायला लागल्या की गुपचूप मागे व्हायचं, हे इथल्या पोराटोरांनाही माहीत असतं. "अरे पण ऊन आहे!" काका ओरडले. दहा मिनिटांत पाणी आमच्या टपरीवरच्या चहासारखं झालं. काकांनी बटणं लावली, एक घर सोडून.

उतरताना कोणीच बोललं नाही, गुडघे सोडून.

घरी आल्यावर काकांचं स्टेटस बघितलं. "मार्लेश्वर ट्रेक. ५००+ पायऱ्या. नॉनस्टॉप!!" खाली फोटो, त्यात अर्धा धबधबा आणि अर्धा काकांचा अंगठा. रात्री जेवताना म्हणाले, "आमचा धाकटा भाऊ विचारत होता रे, पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आहे, सहा जण येतायत. मी सांगितलंय त्याला, पायऱ्या थोड्याच आहेत."