वेरूळला अख्खा दिवस द्या, आणि कैलास दुपारनंतर बघा

संभाजीनगरहून निघणाऱ्या गाड्यांचं गणित ठरलेलं असतं. देवगिरी, वेरूळ, घृष्णेश्वर, मकबरा, पाणचक्की, आणि अंधार पडायच्या आत हॉटेलवर परत. वेरूळच्या वाट्याला जेमतेम दीड तास येतो, तोही बहुधा सकाळचा. माझ्या मते ही वेळच चुकते. कैलास लेणं पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन डोंगराच्या पाठीमागे असतं, दर्शनी बाजू सावलीत जाते आणि कोरीवकाम सपाट दिसतं. तीननंतर ऊन समोरून तिरपं येतं आणि त्याच भिंतींना उठाव येतो. म्हणून दिवस उलटा लावा. सकाळ माणसांसाठी ठेवा, दुपारनंतर लेणी.

वार बुधवार किंवा गुरुवार धरा. मंगळवारी लेणी बंद असतात. सोमवारी घृष्णेश्वराला रांग, श्रावणात तर विचारूच नका. शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला गर्दी, रविवारी सगळीकडेच. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ असते, तेव्हा कागजीपुऱ्यातलं हातकागदाचं काम थांबतं.

कागजीपुरा दौलताबाद आणि खुलताबादच्या मध्ये, अगदी रस्त्यावर आहे. गाड्या भर्रकन पुढे निघून जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. महंमद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हापासून इथं हातकागद होतो असं गावात सांगतात. आता काम करणारे मोजकेच उरलेत. नऊ-साडेनऊला पोचा. आधी सलाम-नमस्कार करा, ‘चाचा, काम बघू का?’ असं विचारा, मोबाईल खिशातच असू द्या. उत्तर दखनीत येईल, ‘हौ, आओ ना’. मराठी माणसाला ही बोली निम्मी तरी सहज कळते.

सुती चिंध्या बारीक कापून, पाण्यात कुटून त्यांचा लगदा करतात आणि तो हौदात पातळ कालवतात. खरी कारागिरी पुढच्या काही सेकंदांत असते. जाळीचा साचा तिरपा बुडवायचा, पाण्याखाली आडवा करायचा, सपाट वर उचलायचा आणि पाणी निथळत असतानाच पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलका हिसका द्यायचा. त्या हिसक्यानं तंतू एकमेकांत अडकतात. हिसका उशिरा दिला तर गुठळ्या होतात, साचा कललेला उचलला तर कागद एका कडेला जाड होतो. ओल्या कागदावर हाताचं पाणी टपकलं की तिथं गोल पातळ डाग पडतो आणि वाळल्यावर उजेडात धरला की तो स्पष्ट दिसतो. म्हणून हौदाशी उभं राहून हात घालू नका, कारागिराला कोपराची जागा द्या. मग कापडाच्या थरांत दाबून पाणी काढणं, वाळवणं आणि शेवटी घोटाई, म्हणजे घासून गुळगुळीत करणं. पूर्वी घोटाई अकिकाच्या दगडानं होत असे.

विकत घेताना कागद उजेडात धरून बघा, तंतू सगळीकडे सारखे पसरलेले हवेत. लिहायला हवा असेल तर शाईच्या पेनानं कोपऱ्यावर एक रेघ ओढू द्या म्हणावं. शाई फुटली तर खळ कमी आहे, तो कागद चित्राला किंवा पाकिटाला वापरा. घासाघीस मात्र करू नका. चार कागद घ्या, सुरळी करून प्लास्टिकमध्ये गुंडाळा, कारण घाटात पाऊस लागला की गेलंच सगळं.

खुलताबादला मलिक अंबरची कबर चुकवू नका. हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियाकडून, गुलाम म्हणून आलेल्या या माणसानं अहमदनगरची निजामशाही सांभाळली आणि १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचं संभाजीनगर. तिथं सहसा शांतता असते.

आश्विन-कार्तिकात या रस्त्यावर सीताफळांच्या पाट्या लागतात. मावशींना सांगा, ‘आज खायला दोन, परवासाठी चार.’ डोळे उघडलेलं, डोळ्यांच्या मधे पिवळसर झालेलं फळ आज खायचं. डोळे उघडलेत पण हाताला टणक लागतं, ते दोन दिवसांनी. डोळे मिटलेलं घेऊच नका, ते पिकण्याऐवजी काळं पडतं. मावशी स्वतः निवडून देतात, त्यांच्या हाताला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

घाट उतरला की वेरूळ. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना अंगातला शर्ट काढावा लागतो. अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेलं हे देऊळ बघून जवळच्या पायऱ्यांच्या कुंडावरही जा. बहुतेक लोक तिकडं फिरकतच नाहीत.

जेवून दीडच्या सुमाराला लेण्यांवर या. तिकीट सध्या ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना माफ. रेंजचा भरवसा नाही, सुटे पैसे जवळ ठेवा. वाटाड्या घ्याच, पण आधी कोणती लेणी आणि किती तास ते ठरवा. मराठीत सांगणारा मागा. ३४ लेणी एका दमात बघायचा हट्ट नको. आधी लांबची जैन लेणी, त्यात ३२ क्रमांकाची इंद्रसभा. तिथवर चालत जाऊ नका, गाडी घ्या. मग १२ नंबरचं तीन मजली लेणं, वरच्या मजल्यावर ओळीनं सात-सात बुद्ध. मग १० नंबर. याला ‘सुतार का झोपडा’ म्हणतात, कारण छताला दगडातच लाकडी वाशांसारख्या फासळ्या काढल्यात. दुपारचं ऊन खिडकीतून आत येतं तेव्हा त्या मोजता येतात.

चारला कैलासात शिरा. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक. डोंगर वरून खाली कोरत आणलाय, त्यामुळे शिखर आधी आणि जोतं शेवटी. डाव्या, म्हणजे उत्तरेच्या भिंतीवर महाभारताच्या पट्ट्या, दक्षिणेला रामायणाच्या. त्याच दक्षिण बाजूला खाली कैलास हलवणारा रावण आहे. तिथं दहा मिनिटं तरी थांबा. काही ठिकाणी पांढऱ्या गिलाव्याचे आणि रंगाचे ठिपके अजून टिकून आहेत. याला रंगमहाल का म्हणत ते तिथं कळतं. हात मात्र लावू नका, हाताच्या तेलानं दगड काळा तुळतुळीत होतो, खालच्या हत्तींच्या सोंडा बघा.

शेवटची पंधरा मिनिटं मागच्या कातळभिंतीसाठी राखा. शंभर फुटांहून उंच आहे ती. ऊन भिंतीवर तिरपं पडलं की छिन्नीचे घाव एकेक दिसायला लागतात, वरपासून खालपर्यंत, तिरपे. पहारेकऱ्यानं शिट्टी वाजवेपर्यंत तिथंच उभे राहा.